सर्व्हिसिंगनंतर इंजिनाचा पिवळा दिवा लागला: बॅटरी काढू की थांबू?

खटारावाला
मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण दोन जणांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली, म्हणून इथे विचारतोय.

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, दहा वर्षं जुनी. रविवारी घरीच सर्व्हिसिंग केलं. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि चारही प्लग बदलले. हात काळे झालेच होते, म्हणून थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पुसून घेतली. सोमवारी आणि मंगळवारी गाडी मस्त चालली. बुधवारी सकाळी मात्र डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि तेव्हापासून तो विझलेला नाही. लुकलुकत नाही, नुसता लागून राहतो. पिकअप ठीक आहे. सिग्नलला उभं असताना किंचित थरथर जाणवते, पण तो माझा वहमही असू शकेल.

मित्र म्हणतो, बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून ठेव, दिवा जाईल. काढू का? आणि एक शंका. ऑइल बदलल्यावर ट्रिपचं बटण दाबून धरून सर्व्हिसचा आकडा शून्य केला होता. त्यात काही चुकलं असेल का?

चौथा_गिअर
काढ बिनधास्त. मी वर्षानुवर्षं हेच करतोय. दहा मिनिटं वायर काढायची, पुन्हा लावायची, दिवा गायब. गॅरेजवाले तरी वेगळं काय करतात? स्कॅनर (गाडीतले कोड वाचायचं यंत्र) लावून एक बटण दाबतात, झालं.

जुना_पाना
खटारावाला, बॅटरीला हात लावू नका. निदान आज तरी नको.

आधी दोन दिवे वेगळे करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. पान्याचं चित्र किंवा 'सर्व्हिस' असं लिहिलेला दिवा म्हणजे नुसतं घड्याळ. इतके किलोमीटर झाले की लागायचं, एवढंच त्याला कळतं. ऑइल बदललंत की नाही हेही त्याला ठाऊक नसतं. ट्रिप बटणाने तुम्ही शून्य केला तो हाच. काही चुकलेलं नाही, आणि त्याचा इंजिनाच्या दिव्याशी संबंधही नाही.

इंजिनाच्या चित्राचा दिवा वेगळा. त्यामागे कंट्रोल युनिट (इंजिनाचा संगणक) असतं आणि ते सेन्सरांचे आकडे सतत तपासत असतं. काही बिनसलं की कोड लिहून ठेवतं, सोबत त्या क्षणाची नोंद ठेवतं आणि मग दिवा लावतं. बॅटरी काढली की दिवा जातो हे खरं, पण बहुतेक गाड्यांत कोड आणि ती नोंदही त्याच्याबरोबर जाते. पंचनामा व्हायच्या आधीच जागा धुऊन काढण्यातला प्रकार.

तुमचा दिवा स्थिर आहे आणि गाडी नीट चालतेय, म्हणजे लगेच घाबरायचं कारण नाही. तो लुकलुकायला लागला तर मात्र आरपीएम कमी ठेवा, जोर देऊ नका आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवा. लुकलुकणं म्हणजे गाडी जोरात मिसिंग करतेय, सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. प्लगचं किंवा त्याला ठिणगी देणाऱ्या कॉइलचं छोटं काम मग कन्व्हर्टरवर जातं. लाल दिव्यांचं तर विचारूच नका. ऑइलच्या कॅनचा किंवा थर्मामीटरचा लाल दिवा दिसला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, घर दोन मिनिटांवर असलं तरी.

मधली_सीट
वाचतेय. माझ्याकडे नेमका पान्याचा दिवा आहे. गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणली तरी तो लागलेलाच. म्हणजे त्यांनी कामच केलं नाही का?

जुना_पाना
ताई, तसं नसेल. बहुतेक शून्य करायला विसरले. हे फार वेळा होतं. काही गाड्यांत चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, ट्रिपचं बटण दाबून धरतात. काहींत ते स्क्रीनवरच्या मेन्यूत असतं, काहींना स्कॅनरच लागतो. तुमच्या मॉडेलची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. काम झालंय का हे बघायचं असेल तर दिव्याकडे बघू नका, डिपस्टिक ओढून ऑइलचा रंग बघा.

चौथा_गिअर
पाना काका, पंचनामा वगैरे ठीक आहे. पण मागच्या वेळी मी बॅटरी काढली आणि तीन आठवडे दिवा आला नाही. म्हणजे दोष गेलाच ना?

अर्धवट_इंजिनियर
गेला नाही, लपला. बरेच दोष दिवा लावण्याआधी दोन फेऱ्यांत दिसावे लागतात. पहिल्या फेरीत आढळला की कोड 'पेंडिंग' म्हणून लिहिला जातो, दिवा नाही. पुढच्या फेरीत पुन्हा आढळला तर कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. फेरी म्हणजे नुसती चावी फिरवणं नव्हे. गाडी सुरू होऊन ती विशिष्ट चाचणी चालवता येईल इतकी चालली पाहिजे. जोराचं मिसिंग या नियमाला अपवाद आहे, त्याला लगेच लुकलुक.

खटारावाला यांचा दिवा रविवारी न लागता बुधवारी का लागला, याचंही उत्तर यातच आहे. रविवारी झालेली चूक कंट्रोल युनिट दोन दिवस सांभाळून घेत होतं. सांभाळण्याची हद्द संपली तेव्हा त्याने हात वर केले.

बॅटरी काढण्याचे बाकी तोटे: घड्याळ आणि रेडिओ जातात (काही रेडिओ पुन्हा सुरू होताना कोड मागतात), खिडकीची एका स्पर्शात वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, आणि इंजिनाने शिकलेलं आयडलिंगही (ॲक्सिलरेटर न दाबता चालत राहणं) पुसलं जाऊ शकतं. शिवाय 'रेडिनेस' शून्यावर येतो. त्याबद्दल नंतर लिहितो.

धूर_संन्यासी
अवांतर: जुनी गाडी विकत घेताना चावी ऑन करून इंजिन सुरू न करता हा दिवा जरूर बघा. तो आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर गाडी निरोगी आहे असं समजू नका. दिवा उडालाय किंवा कुणीतरी काढून ठेवलाय. मी एका गाडीत त्यावर काळी टेप चिकटवलेली पाहिली आहे. विकणारा म्हणाला, डोळ्यांवर येतो.

खटारावाला
बरं, बॅटरी नाही काढली. शेजाऱ्यांकडून ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आणला. स्टीअरिंगखाली सोळा खाचांचा सॉकेट सापडला, पण त्यात खोचल्यावर स्कॅनरचा दिवाच लागेना. स्कॅनर बिघडलाय का?

अर्धवट_इंजिनियर
सिगारेट लायटर चालतो का बघा. बऱ्याच गाड्यांत त्या सॉकेटला आणि लायटरला एकच फ्यूज असतो. कधीतरी मोबाइल चार्जर शॉर्ट होऊन तो उडालेला असतो आणि कुणाला पत्ताच नसतो.

खटारावाला
नमस्कार घ्या! लायटर बंदच होता. फ्यूज बदलला, स्कॅनर जिवंत झाला.

कोड आला पी०१७१. ॲप म्हणतं 'सिस्टिम टू लीन, बँक १'. त्याखाली संभाव्य कारणांत पहिलं नाव ऑक्सिजन सेन्सरचं आहे. मागवू का सेन्सर? आणि खाली मोठ्ठं लाल 'इरेज' बटण आहे. बोट शिवशिवतंय.

जुना_पाना
बोट आवरा.

कोड म्हणजे दुकानात द्यायची यादी नव्हे. हा कोड एवढंच म्हणतोय की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही बातमी आणली कुणी? ऑक्सिजन सेन्सरने, धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते तोच मोजतो. त्याने खरी बातमी आणली आणि तुम्ही त्यालाच काढायला निघालात. नवा सेन्सरही हेच सांगेल.

कोडची अक्षरं कशी वाचायची ते एकदा समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनचा भाग, यू म्हणजे युनिटांचं आपसातलं बोलणं. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ असलेला कोड. तिथे १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ त्यांच्या कागदपत्रांतच शोधायचा. तिसरी जागा विभाग सांगते: १ आणि २ हवा-इंधन, ३ इग्निशन आणि मिसिंग, ४ प्रदूषण नियंत्रण. शेवटचे दोन आकडे नेमका दोष. म्हणून पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, आणि पी०३०० म्हणजे एकावर बोट ठेवता येत नाही इतके सिलिंडर गडबडतायत.

आता 'फ्रीझ फ्रेम' नावाचं पान उघडा आणि त्यातले आकडे इथे टाका. पंचनामा म्हणत होतो तो हाच.

खटारावाला
हे घ्या:
इंजिन ७४० आरपीएम, वेग ०, कूलंट ९१ अंश, शॉर्ट टर्म ट्रिम +९, लाँग टर्म ट्रिम +१९.
यातलं फक्त कूलंट कळलं.

अर्धवट_इंजिनियर
सोनं आहे हे! गाडी तापलेली, उभी आणि आयडलवर, म्हणजे सिग्नलला. तुमची थरथर वहम नव्हती.

ट्रिम म्हणजे कंट्रोल युनिटने आपल्या हिशोबात केलेली दुरुस्ती, टक्क्यांत. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला बदलते, लाँग टर्म म्हणजे हळूहळू लागलेली सवय. दोन्हींची बेरीज करा. शून्याच्या आसपास, उणे-अधिक १० पर्यंत, साधारण ठीक मानतात. तुमची +२८. म्हणजे युनिट ठरल्यापेक्षा २८ टक्के जास्त पेट्रोल ओततंय, तेव्हा कुठे मिश्रण जमतंय. हेच ते 'सांभाळून घेणं'.

आता एक चाचणी. इंजिन गरम करा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. ॲपमध्ये दोन्ही ट्रिम समोर ठेवा. आधी आयडलवर वाचा, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून वाचा. रेस दिल्यावर बेरीज खाली आली तर कुठूनतरी चोरून हवा आत जातेय. आयडलवर इंजिन थोडीच हवा ओढतं, त्यात भोकातून आलेल्या हवेचा वाटा मोठा असतो. रेस दिल्यावर हवेचा लोंढा वाढतो, भोक तेवढंच राहतं, त्यामुळे वाटा किरकोळ होतो. याउलट रेस दिल्यावर किंवा चढावर बेरीज वाढत गेली तर पेट्रोल पुरत नाहीये. मग फिल्टर, पंप, प्रेशर.

खटारावाला
केली. आयडलवर बेरीज +२६, २५०० वर +५.

जुना_पाना
मग पेट्रोलची बाजू सोडा. रविवारी तुमचा हात जिथे जिथे लागला तिथेच शोधा. सर्व्हिसिंगनंतर लागलेला दिवा दहापैकी नऊ वेळा सर्व्हिसिंगनेच लावलेला असतो. (हा आकडा माझ्या अनुभवातला आहे, कुणी पुरावा मागू नका.)

गाडीच्या बॅटरीच्या नादी लागू नका, विजेरी घ्या. आधी एअर फिल्टरचा डबा. त्याच्या सगळ्या क्लिपा बसल्यात का? एक जरी उघडी असेल तर धूळ थेट आत जाते. डब्याच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याचा कपलर टकदिशी बसलाय का बघा, आणि सेन्सरच्या आतल्या नाजूक तारेला किंवा फिल्मला बोट लावू नका. त्यानंतर थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप. त्याच्या वळ्या हाताने ताणून बघा. जुन्या पाइपाला वळीच्या तळाशी चीर असते आणि ताणल्याशिवाय ती दिसत नाही. मग दोन्ही टोकांचे क्लॅम्प. त्याच पाइपाला जोडलेली इंजिनाच्या डोक्यावरून येणारी वाफेची नळी. शेवटी ऑइल ओतायचं झाकण आणि डिपस्टिक. काही इंजिनांत तेवढंच सैल असलं तरी हवा घुसते.

न्यूट्रल
पाना काकांच्या यादीत भर: तेल लावलेला, धुऊन वापरायचा एअर फिल्टर बसवला असेल तर त्याचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं आणि तो हवा कमी मोजायला लागतो. मीही पी०१७१ ने महिनाभर हैराण होतो. सेन्सरच्या खास क्लीनरने फवारून सुटलं. कार्ब्युरेटर क्लीनर मारू नका त्यावर.

खटारावाला
सापडलं!! फोटो टाकायचा होता पण हात तेलकट आहेत, शब्दांत सांगतो.

थ्रॉटल बॉडी पुसायला रबरी पाइप काढला होता, तेव्हा खालच्या बाजूची वाफेची नळी निसटली असणार. परत लावताना ती नुसती खुंटीच्या तोंडावर टेकवून ठेवली होती, आत सरकवलीच नाही. वरून बघितलं तर छान बसल्यासारखी दिसते. आरसा खाली धरला तेव्हा अर्धा बोटभर फट दिसली. इंजिन चालू असताना तिथे बोट ठेवलं तर चक्क फूस आवाज.

नळी आत ढकलली, क्लॅम्प आवळला. पण आता शॉर्ट टर्म ट्रिम एकदम उणे १६ दाखवतेय! काही वेगळंच बिघडवलं का?

अर्धवट_इंजिनियर
नाही हो, हीच पोचपावती. लाँग टर्म अजून +१९ च्या जुन्या सवयीत आहे, म्हणून शॉर्ट टर्म उलटा ब्रेक लावतेय. गाडी चालवत राहा, दोन्ही शून्याकडे येतील.

आणि सगळ्यांसाठी टीप: ही कहाणी हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीची आहे. काही गाड्यांत तो नसतो, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात. तिथे चोरून आलेली हवाही दाबात धरली जाते, त्यामुळे लीनचा कोड सहसा येत नाही, आयडलच चढं होतं.

खटारावाला
आता तरी दाबू का ते लाल बटण?

चौथा_गिअर
आता तरी दाबू द्या बिचाऱ्याला.

अर्धवट_इंजिनियर
दाबलंत तर चूक नाही. दुरुस्ती झाली आहे, कोड आणि फ्रीझ फ्रेम इथे लिहिलेली आहे. चावी ऑन, इंजिन बंद, मग इरेज. जुनी ट्रिमही बऱ्याच गाड्यांत त्यासोबत पुसली जाते, हा फायदा.

तोटा म्हणजे मघाशी राहिलेला रेडिनेस. कंट्रोल युनिट काही गोष्टी सतत तपासतं: मिसिंग, इंधन, सेन्सरांच्या वायरी. काही मात्र योग्य परिस्थिती मिळाली तरच: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, टाकीतल्या वाफेची गळती. इरेज केलं की या दुसऱ्या गटाच्या पाट्या कोऱ्या होतात. जिथे उत्सर्जन चाचणीला स्कॅनर लावतात तिथे कोऱ्या पाट्या दिसल्या की गाडी परत पाठवतात, कारण आदल्या रात्री कोड पुसून येणारे खूप असतात. अमेरिकेत २००१ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना केंद्रीय मार्गदर्शनानुसार एकच पाटी अपुरी चालते. तिथल्या २०१० नंतरच्या मॉडेलांत तर 'परमनंट' कोडची सोय आली. तो स्कॅनरनेही पुसत नाही आणि बॅटरी काढूनही नाही. दोष खरंच गेलाय हे युनिटने स्वतः तपासलं की तेच पुसतं.

मधली_सीट
आणि न पुसता सोडलं तर दिवा किती दिवस राहील?

अर्धवट_इंजिनियर
साधारणपणे सलग तीन फेऱ्यांत ती चाचणी पास झाली की दिवा विझतो. इंधन आणि मिसिंगच्या दोषांना अट थोडी कडक आहे. दोष लिहिला गेला तशाच परिस्थितीत पास व्हावं लागतं, म्हणजे आरपीएम ३७५ च्या फरकात, लोड जवळपास तितकाच आणि इंजिन तसंच तापलेलं. खटारावाला यांच्या बाबतीत सोपं आहे, तापलेली गाडी सिग्नलला उभी करायची. दिवा विझला तरी कोड इतिहासात राहतो. ४० वेळा इंजिन थंडपासून नीट तापलं आणि दोष परतला नाही की तोही जातो.

खटारावाला
ठरलं, बटण दाबत नाही. आपोआप विझतो का तेच बघतो.

खटारावाला
पाच दिवसांनी: आज सकाळी विझला. ट्रिमची बेरीज आयडलवर +३, रेसवर +१. सिग्नलची थरथर गेली. एकच पाटी 'अपूर्ण' दिसतेय, टाकीच्या वाफेची. ती पुसली नसतानाही कोरी कशी?

अर्धवट_इंजिनियर
सर्व्हिसिंगच्या वेळी कधी बॅटरीची वायर काढली होती का?

खटारावाला
अरे हो, रविवारी स्टार्टरजवळ हात घालायचा होता म्हणून काढली होती. विसरलोच होतो.

अर्धवट_इंजिनियर
मग तेव्हाच कोरी झाली. ही चाचणी सगळ्यांत नखरेल आहे. साधारण १५ ते ८५ टक्के टाकी भरलेली असेल आणि गाडी रात्रभर थंड झाली असेल तरच बहुतेक युनिट ती सुरू करतात. तुम्ही टाकी फुल ठेवता का?

खटारावाला
कायम. काठोकाठ. बरं, आता अर्धी होईपर्यंत पेट्रोल पंपाकडे बघत नाही.

चौथा_गिअर
कबुली देतो. धागा वाचून स्कॅनर आणला आणि माझ्या गाडीला लावला. दिवा बंद आहे, पण पेंडिंगमध्ये पी०३०२ आणि चार पाट्या कोऱ्या. दोन आठवड्यांपूर्वीच बॅटरी काढली होती. काका, रागवायचं असेल तर नंतर रागवा, आधी सांगा काय करू.

जुना_पाना
रागावतोय कुठे, उलट कोड वाचल्याबद्दल पाठ थोपटतो. दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा, प्लग तसेच ठेवा. दोन-तीन दिवस चालवा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. पी०३०२ च राहिला तर त्याच सिलिंडरचा प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, याच क्रमाने. मधेच दिवा लुकलुकला तर थांबा.

चौथा_गिअर
शनिवारचा अहवाल: पी०३०३. कॉइल मागवली. तिच्या बोल्टला १० चा पाना लागतो ना?

जुना_पाना
बहुतेक गाड्यांना १० चाच. तुमच्याकडचा सापडला तर.

चौथा_गिअर
नाही सापडत. ८ आहे, ९ आहे, ११ आहे.